मदत हवी आहे: हौद्याची गाडी सोडवत नाही, पण आईला चढता येत नाही. ट्विन केबिन पिकअप घ्यावी का?

मांडवीकाठ:

नमस्कार मंडळी. नुसतं 'कोणती गाडी घेऊ' विचारलं तर सगळे कारचीच नावं सांगतात, म्हणून आधी आमच्या घरातल्या गाड्यांचं सांगतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ. टोमॅटो आणि कांदा ही मुख्य पिकं. दारात पहिली चारचाकी आली 1992 साली, अण्णांनी सेकंडहँड घेतलेली बजाज टेम्पोची मॅटाडोर. आमच्याकडे आजही कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पोच म्हणतात, ते त्या कंपनीच्या नावावरून. अण्णा रात्री जेवून माल भरायचे आणि माळशेज उतरून कल्याणला जायचे. सुट्टी असली की मला न्यायचे. दोन सीटांच्या मधल्या इंजिनाच्या झाकणावर गोणपाटाची चौघडी टाकून बसायचो. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की अण्णा काच खाली करून मान बाहेर काढून चालवायचे आणि मला डावीकडचा कठडा बघायला सांगायचे. 'दिसतोय का रे?' 'दिसतोय.' एवढंच बोलणं व्हायचं, घाट संपेपर्यंत.

2006 मध्ये छोटा हत्ती घेतला. टाटा एस आदल्याच वर्षी बाजारात आली होती. दोन सिलिंडरचं 702 सीसीचं इंजिन, पाऊण टन माल. अरुंद पांदीतून थेट बांधापर्यंत जायची. मी तिच्यावरच चालवायला शिकलो. चूक आमची एवढीच की पाऊण टनाच्या गाडीत आम्ही सव्वा टन भरायचो. चढाला पहिला गिअर टाकून जीव मुठीत धरून बसायचं. चार पैसे वाचवायला हे केलं, आज कुणाला करू देणार नाही.

मध्ये 2009 ला एक जुनी कार घेतली होती. लग्न झालं होतं, सासरवाडीला टेम्पोत कसं जायचं असं घरच्यांना वाटायचं. गाडी वाईट नव्हती. पण ती दारात उभी राहायची आणि कामं सगळी दुसऱ्या गाडीवर व्हायची. एकदा औषधाचे ड्रम आणि युरियाच्या दोन गोण्या मागच्या सीटवर टाकून आणल्या, तो वास सहा महिने गेला नाही. दोन वर्षांत विकली. मला खरं सांगायचं तर हौदा नसलेली गाडी अर्धीच वाटते. आरशात मागचा फाळका दिसला पाहिजे, साखळीचा आवाज आला पाहिजे, तेव्हा कुठे गाडी चालवतोय असं वाटतं.

2014 ला बोलेरो पिकअप आली, तीच आजपर्यंत. हिनं घर वर काढलं. 2023 च्या जुलैत नारायणगावला टोमॅटोच्या 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, तेव्हा तो माल हिनंच नेला. त्याआधी भाव पडला म्हणून भरलेले क्रेट बांधावर ओतायलाही हिच्यातूनच गेलो होतो. धाकटीच्या लग्नाचं रुखवत, कोविडमध्ये अण्णांसाठीचे ऑक्सिजन सिलिंडर, सगळं हिच्या हौद्यातून आलं. अण्णा त्यातून वाचले नाहीत. पण सिलिंडर वेळेत आले होते, याचं समाधान मला या गाडीनं दिलं.

आता अडचण. आईचं वय 71. उजवा गुडघा गेलाय, डॉक्टरांनी तूर्त ऑपरेशन नको म्हटलंय. महिन्यातून दोनदा पुण्याला दाखवायला न्यावं लागतं. मागच्या महिन्यात डाव्या दाराने चढताना तिने दांडी धरली, पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मी मागून कमरेला आधार दिला, तर म्हणाली, 'राहू दे, एसटीने जाते.' तिला एसटीच्या पायऱ्या तरी कुठे चढता येतात! तेव्हापासून झोप लागत नाही.

बायको आणि मुलगा म्हणतात, आता कारच घ्या. पिकअप जुनी झालीये, टोमॅटोच्या पाण्यानं हौद्याचा पत्रा खालून खाल्लाय, ती कधी ना कधी बदलायचीच आहे. दोन गाड्या परवडणार नाहीत. म्हणून बोलेरो कॅम्पर किंवा टाटा योद्धा क्रू कॅबसारखी ट्विन केबिन, म्हणजे मागेही सीट असलेली चार दारांची पिकअप डोक्यात आहे. माल शक्यतो एक टनाच्या आत ठेवीन, जास्त असला तर भाड्याची गाडी बघीन.

विचारायचं हे:
पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या गाडीत घरची माणसं मागच्या केबिनमध्ये बसली तर विम्याचं काय? मागची सीट म्हाताऱ्या माणसाला तीन तास सोसेल का? आणि चढण्याची उंची, यावर कुणी काही उपाय केलाय का?

पासिंगवाला:

दादा, विम्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारलात ते बरं केलंत. मी आरटीओची कामं करतो, एवढंच ठामपणे सांगतो.

मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात 1994 च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस धरला जातो, तो मालाबरोबर असेल तर. दवाखान्यात निघालेल्या तुमच्या आई मालाच्या मालक नाहीत. त्यामुळे पॉलिसी काढताना आरसीवर आसनक्षमता किती लिहिलीये ते दाखवा, आणि मागे बसणाऱ्यांसाठी वेगळं संरक्षण किती रुपयांत मिळेल ते लेखी घ्या. तोंडी 'सगळं कव्हर आहे' यावर विश्वास ठेवू नका. हौद्यात तर माणूस बसवूच नका, त्याला कसलाच विमा नाही.

बाकी लायसनची काळजी करू नका. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिटही लागत नाही. मात्र फिटनेस तपासणी आहे: आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हे तुम्हाला जुन्या गाडीमुळे माहीत असणारच. फास्टॅगचा वार्षिक पास पिवळ्या पाटीला मिळत नाही, तो फक्त खासगी कार-जीपला.

घाटमाथा:

पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची हवी तर इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स आहेत. बसायला उत्तम, पण किंमत वीस लाखांच्या बरीच वर आणि त्या टोमॅटो वाहायला बनवलेल्याच नाहीत. तुमच्या कामाला कॅम्परच. सहा वर्षं वापरतोय. मागची पाठ उभी आहे, मऊ म्हणता येणार नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे मालासाठी आहेत, त्यामुळे रिकामी गाडी उडते. हौद्यात दीड-दोनशे किलो टाकून न्या, आईंना फरक जाणवेल. टायरमधली हवाही मालाच्या हिशेबाने ठासून भरू नका.

सावली:

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाड्यांमधलं मला कळत नाही, पण तुम्ही लिहिलेली एक गोष्ट वाचून थांबले. काकूंचा उजवा गुडघा दुखतो आणि तुम्ही त्यांना डाव्या दाराने चढवता. डाव्या दाराने चढताना गाडी माणसाच्या उजव्या हाताला असते, म्हणून उजवा पाय आधी वर जातो आणि सगळा भार दुखऱ्या गुडघ्यावर येतो. जिन्याचाही नियम हाच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उजव्या बाजूच्या दाराने चढवलंत तर डावा पाय आधी जाईल आणि उतरताना उजवा आधी खाली येईल. सध्याच्या गाडीत त्या बाजूला ड्रायव्हर असतो, म्हणून हे सुचलं नसेल. चार दारांची गाडी घेतलीत तर मागचं उजवं दार काकूंचं करा. उजवी बाजू रहदारीची, त्यामुळे गाडी अंगणात किंवा रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊनच. आणि एकच उंच पायरी नको, मध्ये रुंद, न हलणारी दुसरी पायरी ठेवा.

मांडवीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सावलीताई, तुमचं वाचून मी उठून अंगणात गेलो आणि स्वतःच्या पायांनी दोन्ही बाजूंनी चढून पाहिलं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, हे कधी लक्षात आलं नाही.

काल गावातल्या एका मित्राची कॅम्पर दारात आणली. मागच्या उजव्या दाराशी टोमॅटोचा रिकामा क्रेट पालथा घातला, त्यावर फळी टाकली आणि दोन्ही बाजूंनी मी आणि मुलगा धरून उभे राहिलो. आईने डावा पाय क्रेटवर ठेवला, मग पायरीवर, दांडी धरली आणि आत जाऊन बसली. मला हात लावावा लागला नाही. ती बसल्या बसल्या मागच्या काचेतून हौदा बघत होती. म्हणाली, 'ह्यात क्रेट कमी बसतील रे.'

घाटमाथा यांनी सांगितलं तसं कांद्याच्या चार गोण्या टाकून तिला ओझरच्या गणपतीपर्यंत नेऊन आणलं. पाठ थोडी अवघडली म्हणाली, कमरेमागे उशी दिल्यावर बरं वाटलं. क्रेट मात्र कायमचा नको, तो घसरेल. ओतूरच्या फॅब्रिकेटरकडून दारापुरती रुंद, जाळीच्या पत्र्याची वेगळी पायरी करून घेणार आहे, हौद्यात पडून राहील अशी.

बायको अजून कारवरच आहे. तिचं म्हणणंही खोटं नाही, पुण्याच्या गल्ल्यांत एवढी लांब गाडी लावायची कुठे हा तिचा प्रश्न आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. आईला दवाखान्याच्या दारात उतरवून गाडी लांब लावावी लागेल, म्हणजे बरोबर तिसरं माणूस हवं.

पासिंगवाले भाऊ, विम्याच्या एजंटला आज फोन केला. मागे बसणाऱ्यांचं लेखी सोमवारी देतो म्हणाला. आकडा आला की इथेच टाकतो, तो बरोबर आहे का तेवढं बघा.