थर्माकोलच्या नॅटवर वाघ काढायचा का?

पांदण_यवतमाळ
शाळेच्या प्रदर्शनासाठी पोरं थर्माकोलचं नॅट (छोटं लढाऊ विमान) करून राहिली, मीटरभर लांब. वायुसेनेचे परमवीरचक्र विजेते निर्मलजीत सिंग सेखों यांचं १९७१ च्या युद्धातलं विमान दाखवायचं आहे. एकानं शेपटीवर वाघ अन् नाकावर शार्कचा जबडा रेखाटला. चालेल का? ही नावं, चिन्हं ठरतात तरी कशी?

सोनेगाव_धावपट्टी
दोन्ही पुसा. 'टायगर्स' म्हणजे १ नंबरची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी), वायुसेनेची सर्वात जुनी. सेखों १८ व्या स्क्वाड्रनचे, 'फ्लाइंग बुलेट्स'. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरहून ते उडाले ते तिच्याच नॅटमधून.

जबडा आधी दुसऱ्या महायुद्धात जर्मन मेसरश्मिट ११० विमानावर होता. तो पाहून उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या ११२ व्या स्क्वाड्रननं टॉमाहॉक विमानांवर काढला, अन् तिथून चीनसाठी लढणाऱ्या अमेरिकी 'फ्लाइंग टायगर्स'नी उचलला. टॉमाहॉकच्या हनुवटीखाली रेडिएटरचं मोठं तोंड असल्यामुळं तो तिथं शोभतो. नॅट हवा घेतं दोन्ही कुशींतून, नाक टोकदार. जबडा बसणार कुठं?

काही नावं थेट विमानावरून पडली. आवाजाहून वेगवान (सुपरसॉनिक) मिग-२१ सर्वात आधी १९६३ मध्ये २८ व्या स्क्वाड्रनला मिळालं, म्हणून ती 'फर्स्ट सुपरसॉनिक्स'. १०२ वी 'ट्रायसॉनिक्स', कारण तिचं मिग-२५ आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाचं. पुढं विमान बदललं तरी नाव राहतं: २८ वी मिग-२९ वर गेली, १८ वी आज तेजस उडवते. म्हणून स्क्वाड्रन, विमान अन् साल तिन्ही जुळवूनच चिन्ह काढा. चुका होतात त्या इथंच.

वणीचा_रंगारी
स्प्रे मारू नका जी, त्यातलं थिनर थर्माकोल खाऊन टाकते. आधी फेविकॉल अन् पाणी निम्मं-निम्मं, दोन हात, मधात चार तास वाळू द्या. मग पोस्टर कलर.

वायुसेनेच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मग पांढरा, मधात हिरवा. त्यात अशोकचक्र टाकू नका. निळं चक्र १९४७ ते १९५० मधलं. आधी पूर्ण गोल पांढरा करा, वाळला की जुन्या एक्स-रे फिल्मचा स्टेन्सिल ठेवून बाकीचे दोन रंग स्पंजनं टिपा. रंग घट्टच ठेवा. ब्रश ओढला की रंग फिल्मखाली शिरते अन् कड फाटते.

पांदण_यवतमाळ
माप कोणतं धरू? अन् बुलेट्सचं चिन्ह स्पष्ट दिसणारा फोटो नाही मिळाला तर?

सोनेगाव_धावपट्टी
नॅट साधारण पावणेनऊ मीटर लांब. १:८ धरलं तर १०९ सेंटीमीटर, पंखांची रुंदी ८४. फोटो नसेल तर चिन्ह काढूच नका. तिरंगी गोल अन् शेपटीवरची पट्टी पुरे; '१८ वी स्क्वाड्रन, फ्लाइंग बुलेट्स, श्रीनगर १९७१' हे खालच्या पाटीवर लिहा.