मागचा एक्सल मजबूत हवा आणि ऑइलगळतीही नको: सी-क्लिप ठेवू की काढू?

रोजची_गाडी

नमस्कार मंडळी. माझ्या जुन्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीला मागे फोर्डचा 8.8 इंची (आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) सॉलिड एक्सल आहे. 28 स्प्लाइनचे (म्हणजे आतल्या टोकाला 28 दातांचे) शाफ्ट, सी-क्लिप (शाफ्टचं आतलं टोक अडकवून धरणारी C आकाराची चकती), ड्रम ब्रेक. दोन वर्षांपूर्वी जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, तेव्हापासून मागच्या भागाची धास्ती वाटते. शर्यतबिर्यत काही नाही, मी रोज हिनेच कामावर जाते आणि मागच्या सीटवर माझी मुलगी असते.

डाव्या चाकाचं ऑइल सील एका वर्षात तीनदा बदललं. दीड-दोन महिने कोरडं राहतं, मग ड्रमच्या खालच्या कडेला ओल दिसायला लागते. गेल्या आठवड्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला तर गाडी एकदम एका बाजूला ओढली. ड्रम काढला, आतून ड्रमवर घासून ब्रेक लावणारे शू गिअर ऑइलने माखलेले. त्या दिवसापासून गाडी उभी आहे.

मेकॅनिक म्हणतो, सी-क्लिप काढून टाकायचं किट बसवा, म्हणजे शाफ्ट तुटला तरी चाक बाहेर येणार नाही. ते ऐकल्यापासून झोप उडाली आहे. पण त्या किटनेच ऑइल गळतं असंही वाचलं. मला मजबुती आणि कोरडे ब्रेक दोन्ही हवेत. काय करू?

तेलकट_हात

आधी ब्रीदर बघा, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी. हाऊसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) नळीवर असतो, चिखलाने बुजतो. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठातून ऑइल बाहेर ढकलते. ब्रीदर बंद असेल तर दहा सील बदला, काही होणार नाही.

क्राऊन_पिनियन

ताई, गाडी उभी केलीत ते फार बरं केलंत. ते शू परत वापरू नका. ऑइल प्यायलेलं लायनिंग वरून कितीही पुसलं तरी गरम झालं की पुन्हा ऑइल सोडतं.

तीन सील गेली म्हणजे दोष सीलमध्ये नाही. या एक्सलमध्ये बाहेरच्या बेअरिंगला आतली रिंगच नसते. रोलर थेट शाफ्टवर फिरतात. शाफ्टचा तो पट्टा झिजला, त्यावर खड्डे पडले, की शाफ्ट वरखाली हलायला लागतो आणि सीलचा ओठ त्याच्यामागे धावू शकत नाही. नवं सील थोडे दिवस तग धरतं, मग तेच. म्हणून चाक उचलून वरखाली हलवून बघा. आतबाहेर थोडं हललं तर घाबरू नका, सी-क्लिपमध्ये तेवढी फट असतेच. वरखाली खेळ असेल तर शाफ्ट आणि बेअरिंग दोन्ही गेले. शाफ्ट बाहेर काढल्यावर त्या पट्ट्यावरून नख फिरवा. नख अडकलं की तो शाफ्ट संपला. जागा सरकवून बसणारं दुरुस्तीचं बेअरिंग मिळतं, पण तुमच्या इंजिनाला ती तात्पुरती मलमपट्टी ठरेल.

आता किटबद्दल. मी ते बसवलं होतं, म्हणून कळकळीने सांगतो. त्यात हाऊसिंगच्या टोकात बॉल बेअरिंग बसतं आणि बाहेरून ओ-रिंगवर सगळी भिस्त. हाऊसिंगचं टोक मुळात त्यासाठी बनलेलं नाही. सरळ रेषेत धावणाऱ्या गाडीला चालतं, पण रोजच्या वळणांवर चाकाचा आडवा दाब त्या बेअरिंगवर येतो. माझ्या गाडीला तिसऱ्या महिन्यात दोन्ही बाजूंनी पाझर सुटला. मी ते काढलं.

तुमच्यासाठी माझं मत: सी-क्लिप ठेवा, शाफ्ट 31 स्प्लाइनचे घ्या. 28 स्प्लाइनचा शाफ्ट साधारण 1.2 इंच जाड असतो, 31चा 1.31. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणून तेवढ्या फरकात सुमारे 30 टक्के वाढ मिळते. मात्र डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या गिअरसंचाचे) साइड गिअरही, ज्यांत शाफ्टची टोकं बसतात, 31चेच लागतात, नुसते शाफ्ट बदलून ते आत जाणार नाहीत. चाक बाहेर येण्याची भीती खरी आहे, पण त्यावरचा पहिला उपाय म्हणजे न तुटणारा, न झिजलेला शाफ्ट.

जुना_नऊ_इंची

वरच्या मताला एक पुस्ती. सी-क्लिप नकोच असेल तर हाऊसिंगची टोकं कापून फोर्डच्या 9 इंची एक्सलसारखी मोठ्या बेअरिंगची टोकं वेल्ड करून घ्या. बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेलं असतं, प्लेटने बाहेरून धरलेलं, आणि ऑइलचं सील आत वेगळं. माझं हाऊसिंग असंच आहे, चार वर्षं कोरडं. पण शाफ्ट मापाने बनवून घ्यावे लागतात, ब्रेकची प्लेट बदलते आणि वेल्डिंग करताना हाऊसिंग वाकलं तर नवं सीलही गळणार. हे काम फिक्स्चर (हाऊसिंग सरळ धरून ठेवणारा साचा) असलेल्याकडेच द्या.

पूर्ण 9 इंची एक्सल मात्र तुमच्यासाठी मी सुचवणार नाही. त्यात पिनियन (इंजिनाकडून ताकद आणणारं छोटं गिअर) क्राऊनच्या (त्याने फिरणाऱ्या मोठ्या गिअरच्या) मध्यापासून बरंच खाली असतं, दातांचं घासणं वाढतं आणि इंजिनाची थोडी ताकद तिथेच जाते.

रोजची_गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज उघडलं. ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. आणि शाफ्टवर नख अडकलंच, बेअरिंगच्या जागी आणि सीलच्या ओठाखालीही बारीक चर आहे. तीन वेळा सील बदलताना कुणीच शाफ्टकडे बघितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

31 स्प्लाइन, सी-क्लिप तशाच, हे ठरलं. डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) घेतेय. बसवताना काय सांभाळू?

क्राऊन_पिनियन

शाफ्ट आत घालताना हाताने तोलून धरा. स्प्लाइनचे दात सीलच्या ओठावरून घासत गेले की नवं सील त्याच क्षणी चिरतं. तुमचं एखादं सील असंच गेलं असेल. ओठाला आधी ग्रीस लावा. सी-क्लिपसाठी डिफरन्शियलमधली मधली पिन काढावी लागते, तिचा छोटा बोल्ट या एक्सलमध्ये तुटतो म्हणून बदनाम आहे. सावकाश फिरवा, परत बसवताना नवाच घ्या.

डिफरन्शियल बदलताय तर क्राऊन-पिनियनची फट मोजून घ्या, 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या आसपास. पिनियनचं सील बदललं तर नट अंदाजाने आवळू नका. आत चिरडणारी नळी असते, ती जास्त दाबली गेली की बेअरिंग तापतं आणि तिथूनही गळती सुरू होते. ऑइल भरायच्या भोकाच्या वर कधीच जाऊ देऊ नका. लिमिटेड-स्लिपला ऑइलमध्ये मिसळायचं फ्रिक्शन मॉडिफायर विसरलात तर वळताना मागून कटकट आवाज येईल.

तेलकट_हात

ब्रीदरला रबरी नळी लावून ती उंच, डिकीच्या आसपास न्या. आणि शू दोन्ही चाकांचे एकदमच बदला.

रोजची_गाडी

हो, शू दोन्हीकडचे मागवले. नळीही घेतली. उद्या शाफ्ट येतायत, पिनचा बोल्ट मी स्वतः उभी राहून काढून घेणार आहे.