ऑरगॅनिकमधून एमएस्सी झालंय, वातावरणीय रसायनशास्त्रात पीएचडी करू का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. यंदा ऑरगॅनिकमधून एमएस्सी झाले, नेट-जेआरएफही निघालं. वर्गातले बहुतेक जण फार्माकडे वळलेत. मला मात्र हवेच्या रसायनशास्त्रात पीएचडी करायचीय. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "म्हणजे पाऊस कधी पडणार ते सांगणार का तू?" हसू आलं, पण मलाही तिला नीट सांगता येईना.
धास्ती दोन गोष्टींची. बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर गणिताला हात लावलेला नाही, आणि कोडिंग शून्य. दोन वर्षं मिश्रणं वेगळी करायचे कॉलम भरण्यात आणि टीएलसी (घटक ओळखायची पातळ थरावरची चाचणी) बघण्यात गेली, ती पाण्यात जाणार का? या वाटेने कुणी गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

दुपारचा_ओझोन
मीही ऑरगॅनिकवालाच. कोल्हापुरातून एमएस्सी, सध्या पुण्यात पीएचडीचं चौथं वर्ष.
ओझोनोलिसिस, म्हणजे ओझोनने कार्बनचा दुहेरी बंध तोडणं, तू केलंच असशील. उणे 78 अंशांना ओझोन सोडायचा, निळा रंग आला की थांबायचं, मग डायमिथिल सल्फाइड घालायचं. त्यात मधेच बनणारा जो अल्पायुषी रेणू, क्रीगी इंटरमीडिएट, आपण कागदावर काढून दोन मार्क मिळवतो, तोच जंगलावरच्या हवेतही तयार होतो, कारण झाडं आयसोप्रीन आणि टर्पीन ही दुहेरी बंधाची संयुगं सोडत असतात. फ्लास्कमध्ये त्याचं पुढे काय करायचं ते आपण ठरवतो. हवेत त्याला वाफ भेटते, सल्फर डायऑक्साइड भेटतो. सगळ्यात साध्या क्रीगीची सल्फर डायऑक्साइडशी होणारी अभिक्रिया 2012 मध्ये थेट मोजली गेली, तर ती आधीच्या अंदाजापेक्षा कितीतरी जलद निघाली. आणि ते घाणेरड्या वासाचं डायमिथिल सल्फाइड? ते समुद्रातल्या प्लवकांमुळे हवेत येतंच असतं. पुढे त्याचं सल्फेट होतं आणि त्या कणांवर ढगाचे थेंब धरतात. हे वाचलं त्या दिवशी भरत आणलेला फार्माचा अर्ज मी तसाच ठेवून दिला.
तेव्हा रसायनशास्त्राची काळजी नको. मार बसतो तो डेटात. पहिल्या वर्षी माझ्या आलेखात ओझोनचा उच्चांक सकाळी नऊला यायचा. शहरात ऊन चढेल तसा ओझोन साठतो, तो दुपारी दोन-तीनला वर असायला हवा. मी पंधरा दिवस कारणं शोधत बसलो. रात्रीचे वरचे थर, डोंगरावरचे वारे, काय काय! गाइडबाईंनी आलेखाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "लॉगरचं (नोंदी ठेवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ कुठलं?" ग्रीनिचचं. साडेपाच तासांचा फरक. लॅबमध्ये अजून मला ग्रीनिच म्हणतात. पायथन मी शिकलो तो या प्रकरणानंतरच.

फोर्ट्रानकाका
मी मॉडेलवाला, हवेतल्या अभिक्रिया संगणकावर मांडणारा, म्हणून थोडं उलटं बोलतो. हवेतला अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल रॅडिकल जेमतेम सेकंदभर टिकतो, मिथेन नऊ-दहा वर्षं. दोघांना एकाच मॉडेलात बसवायचं तर समीकरणं कशी सोडवतात हे थोडंफार कळावंच लागतं. प्रवेशापर्यंतचे महिने त्याला द्या. बाकी वाट कुठूनही फुटते. ओझोनवरच्या कामासाठी 1995 चं नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन मुळात पूल बांधायला शिकलेले. स्टॉकहोमच्या हवामान विभागात ते शिरले प्रोग्रामर म्हणून!

मापनवेडी
पाषाणची आयआयटीएम (उष्णदेशीय हवामानाची संस्था) असो वा अहमदाबादची पीआरएल (भौतिकी संशोधन प्रयोगशाळा), गाइड ठरवण्याआधी तिथल्या मुलांना एकच विचार: उपकरण तुम्ही स्वतः उघडता का? नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रात तापलेला मॉलिब्डेनम धातू असतो. त्यामुळे यंत्र नायट्रिक आम्लाची वाफ आणि पॅनसुद्धा (प्रदूषित हवेतलं एक नायट्रोजनयुक्त संयुग) त्याच आकड्यात मोजून टाकतं. दुपारी तर जास्तच. यंत्र उघडून पाहिलेलं नसेल, तर हे लक्षातसुद्धा येत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. ग्रीनिचदादा, आत्याला समुद्र, सल्फेट, ढगाचे थेंब, सगळं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे पाऊसच की गं."