मदत हवी आहे : बिशप अझरायांवर लिहितोय, एका शब्दावर अडलोय

आमच्या चर्चच्या वार्षिकासाठी बिशप व्ही. एस. अझराया यांच्यावर दोन पानं लिहितोय. तिरुनेलवेलीकडच्या खेड्यात १८७४ साली जन्म, वडील पाळक (चर्चचे धर्मगुरू). स्वतः तमिळ, पण तेलुगू मुलखातल्या डोर्नकलला जाऊन तेलुगू शिकले आणि गावोगाव फिरले. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं, आम्हाला मित्र द्या! (एवढं धाडस आज तरी कोण करतं?) २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात ते अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले.

गाडी अडलीय ती त्या दिवसाच्या विधीवर. डोक्यावर हात ठेवून बिशप करतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘दीक्षा’ लिहिलं तर पाळकाच्या दीक्षेशी घोळ होतो, ‘अभिषेक’ म्हटलं की आमच्या आत्याला दुधाची घागर दिसते. बायबलमध्ये बिशपला ‘अध्यक्ष’ आहे, पण तो तर सोसायटीचाही असतो! नगर, नाशिककडच्या जुन्या उपासनापुस्तकांत कोणता शब्द आहे? कुणाच्या घरी असेल तर त्या पानाचा फोटो टाका ना.

आणि डोर्नकलचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) कुणी आतून पाहिलंय का? देवळासारखे खांब, वर घुमट. रविवार सोडून उघडं असतं का?