ऑलिंपस ओएम-१ : मीटरसाठी पाऱ्याच्या सेलऐवजी काय घालावे?

छायावेडा : ओएम-१ या जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल पीएक्स६२५ लागतो, तो आता बनत नाही. त्याच मापाचा अल्कलाइन एलआर९ घातलाय. काटा हलतो, पण भर उन्हात आयएसओ (फिल्मची संवेदनक्षमता) १००, एफ/१६ छिद्राला शटर १/१२५ सेकंद यायला हवा तिथे काटा १/२५० ला मध्यावर येतो. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र उमटतं ती) घालायची आहे. आयएसओ ५० ठेवला तर भागेल का?

जुनीकाच : नाही भागणार. व्होल्टेज जास्त मिळाल्याने मीटरला उजेड जास्त वाटतो आणि फोटो अंडर (काळपट) येतो, इथवर बरोबर. पण अल्कलाइनचा व्होल्टेज वापरागणिक उतरत जातो, म्हणजे चूकही रोज बदलते. आज आयएसओ ५० ठेवून जुळेल, पुढे तोच फोटो ओव्हर (फिकट) येईल. निगेटिव्ह हे सोसेल, स्लाइड नाही. पाऱ्याचा सेल शेवटपर्यंत १.३५ वर टिकायचा आणि मग एकदम बसायचा, मीटर त्या भरवशावर बांधलेला आहे.

श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल घ्या, निळ्या स्टिकरचा. साधारण १.४ व्होल्ट आणि स्थिर. व्यास ११.६ मिमी, मूळ सेलचा सुमारे १५.६, म्हणून आतून ११ मिमी, जाडी २ मिमी अशी रबरी ओ-रिंग चढवा, नाहीतर सेल सरकून संपर्क तुटतो. स्टिकर काढून पाच मिनिटं उघडा ठेवा, मगच बसवा. हवेची छिद्रं टेप किंवा गोंदाने झाकू नका. एकदा स्टिकर निघाला की मीटर बंद असला तरी सेल उतरतच राहतो.

छायावेडा : कॅमेरा कोकणात असतो, सेल सारखे बदलणं अवघड आहे. कायमचं काही?

सोल्डरवाला : एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइड आणि एक शॉट्की डायोड (कमी व्होल्टेज खाणारा), बीएटी८३. सेल १.५५ देतो, डायोड साधारण ०.२ खातो. तळाची प्लेट काढा, सेलच्या ऋण टोकाची वायर कापून मध्ये डायोड जोडा, डायोडवरच्या पट्टीची बाजू सेलकडे. साधा १एन४१४८ नको, तो अर्ध्या व्होल्टच्या आसपास खातो. ओ-रिंग इथेही लागेलच. डायोड लावल्यावर मात्र झिंक-एअर घालू नका, मीटर उपाशी राहील.

वायर सोलल्यावर तांबं हिरवं दिसलं तर ती पूर्ण बदला. जुन्या गळतीचा क्षार इन्सुलेशनच्या आतून वर चढतो, नुसता कप्पा व्हिनेगरने पुसून उपयोग नाही.

जुनीकाच : एक भर. डायोडवरची घट करंटनुसार बदलते, अंधुक उजेडात कमी होते. म्हणून ऊन, सावली आणि खोलीतला दिवा अशा तिन्ही ठिकाणी चांगल्या मीटरशी ताडून पाहा, मगच स्लाइडचा रोल घाला. (पेंटॅक्स स्पॉटमॅटिकवाल्यांनी हा खटाटोप करू नये. त्याचं ब्रिज सर्किट १.५५ व्होल्ट सहज चालवून घेतं.)

जुना पाऱ्याचा सेल सापडला तर फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून ई-कचरा संकलनात द्या.