मदत हवी आहे: घसा बसलाय, पौर्णिमेपर्यंत आवाज मोकळा व्हायलाच हवा

शेवंती
घसा पार बसलाय. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, आल्याचा रस आणि मध झाला, वाफ घेऊन झाली. ढिम्म फरक नाही. पौर्णिमेला समाप्ती आहे, त्या दिवशी आवाज लागणारच. चार दिवस उरलेत. ज्यानं खरंच गुण आला असं काहीतरी घरगुती सांगा. 'डॉक्टरकडे जा' सोडून काहीही चालेल. आणि कृपा करून नेटवरून उचलून चिकटवू नका, ते मीही वाचलंय.

निवांत
कसली समाप्ती?

मिठाचा_खडा
गुळण्या कशा केल्या ते सांगा आधी. लोक तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकतात आणि म्हणतात गुण आला नाही. पेलाभर कोमट पाण्याला अर्धा चहाचा चमचा मीठ. मान मागे टाकून, घशात खळखळ आवाज आला पाहिजे. दिवसातून चार-पाच वेळा. सकाळी दात घासताना एकदा केल्या म्हणजे झालं, असं नाही.

गवतीचहा
ताई, काढा करा. गवती चहा, तुळस, सुंठ, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. दोन कप पाणी आटवून एक कप करायचं, उतरवल्यावर गूळ. आमच्याकडे थंडी पडली की शेगडीवरून हे भांडं उतरतच नाही.

मिठाचा_खडा
मिरी-सुंठीनं आग होणाऱ्या घशाची आणखी आग होते. आधी सूज उतरू दे.

गवतीचहा
दोन पिढ्या पितोय, कुणाची आग झाली नाही.

उगाच
कच्चं अंडं गरम दुधात फेटून त्यात चमचाभर ब्रँडी. सकाळपर्यंत घसा खणखणीत.

पखवाजी
ज्येष्ठमधाची काडी गालात धरायची. आमच्या मंडळात सगळ्यांच्या खिशात असते. सोबत कंकोळ. दोन्ही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. काडी घ्यायची, पावडर नको, पावडरीत काय कालवलेलं असेल सांगता येत नाही. रात्री झोपताना बेहड्याचं टरफल थोडं तुपावर परतून तोंडात ठेवायचं. माऊली, कुठल्या मंडळात गाता?

शेवंती
अहो मी नाही गात! बाबा गातात. काकड्याची समाप्ती. कार्तिक चालू आहे, दुसरी कसली असणार? आणि उगाच, ते माळकरी आहेत, अंडं आणि ब्रँडी तुम्हीच घ्या.

उगाच
माळ घातलीय हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं? मग अंड्याविना घ्या.

निवांत
म्हणजे नुसती ब्रँडी उरली.

गोळीवाला
माझं औषधांचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही. पण काउंटरवर जे विचारतो तेच इथं विचारतो. बाबांचं वय किती? ताप आहे का? गिळताना दुखतं, की नुसता आवाज फुटत नाही? इतर कुठल्या गोळ्या चालू आहेत? साखर आहे का? घसा कधीपासून बसलाय?

शेवंती
वय ६८. ताप नाही. दुखत नाही, आवाज फाटतो आणि वरच्या पट्टीत गेला की नुसती हवा येते. बीपीची गोळी आहे, ती सगळ्यांनाच असते. ज्येष्ठमधाची काडी आजच मागवते, पखवाजीभाऊ, धन्यवाद. एका दिवसात किती चघळायची?

गोळीवाला
थांबा, मागवू नका. बीपीच्या गोळीचं नाव काय? पाकिटावरचं जसंच्या तसं लिहा.

शेवंती
भावाला फोन करून विचारलं. टेल्मिसार्टन, आणि पुढे एच लिहिलंय. पण त्याचा घशाशी काय संबंध?

गोळीवाला
घशाशी नाही, ज्येष्ठमधाशी आहे. ज्येष्ठमध रोज चघळलं की शरीरात मीठ-पाणी धरून राहतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. त्या 'एच'चा अर्थ गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे, आणि तेही पोटॅशियम कमीच करतं. दोन्ही बाजूंनी पोटॅशियम गेलं की पाय गळतात, छातीत धडधडतं. ६८ व्या वर्षी हा खेळ करू नका. एखादी काडी कधीतरी तोंडात धरली म्हणून कुणी आडवं पडत नाही, पण चार दिवस गालात ठेवून गायचं, हे बीपीच्या माणसाला नको.

पखवाजी
आमचे बुवा पन्नास वर्षं ज्येष्ठमध चघळत आले. ऐंशी पार केलीय.

गोळीवाला
बुवांना बीपीची गोळी आहे का?

पखवाजी
ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत कधी.

गोळीवाला
मग बीपी आहे की नाही हे त्यांना कसं कळणार, भाऊ?

सईची_आई
मग सितोपलादी चूर्ण द्या ना मधातून. सौम्य आहे, लहान मुलांनाही देतात. आमच्या वैद्यबाई तेच देतात.

गोळीवाला
साखरेचं उत्तर अजून आलेलं नाही. सितोपलादीत खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, वरून मध. मधुमेह असेल तर हिशेब बघून घ्यावं लागेल.

शेवंती
साखर बॉर्डरवर आहे, गोळी नाही. दिवाळीचा फराळ झालाय म्हणजे आता काय असेल कोण जाणे. रात्री काकड्याची तयारी करताना डब्यातली चकली आणि चिवडा चालूच असतो.

आंबट_ढेकर
मग घसा नाही, पोट बघा! रात्री तळकट खाऊन आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं, छातीत जळजळ न होताही. सकाळी आवाज घोगरा, सारखं खाकरावंसं वाटतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. माझं वर्ष गेलं घशाची औषधं घेण्यात. रात्रीचं जेवण लवकर केलं, झोपेच्या आधी तीन तास तोंड बंद ठेवलं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा दिल्या. उश्या वाढवू नका, त्यानं पोट दुमडतं. चहा कमी. आणि तो आल्याचा रस आणि मिरीचा काढा आधी बंद करा.

गवतीचहा
सगळ्यांनी माझ्याच काढ्याच्या मागे लागायचं ठरवलंय का?

सईची_आई
विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, घसा घरघरतो. सासूबाई बाळगुटीतलं वेखंड मधात उगाळून चाटवा म्हणतात. मध जंगलातला आहे, अस्सल. चालेल ना?

गोळीवाला
नाही! वर्षाच्या आत मध नाही. अस्सल असो की बाटलीतला, बोटाला लावूनही नाही. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात, बाळ लुळं पडू शकतं. उकळलेल्या पाण्यातही ते बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे गरम करून द्यायचाही विचार नको. आणि बाळाला धाप लागत असेल किंवा दूध ओढत नसेल तर इथं विचारत बसू नका, आजच दाखवा.

पहाटझोप
काकडा पहाटे चारला भोंगा लावून होतो ना? रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, असा २००० सालचा नियम आहे. एका माणसाचा घसा बसला तर अख्खं गाव झोपेल, वाईट काय आहे?

पखवाजी
अहो, ही परंपरा आहे. महिनाभर पहाटे कुणी उठून नामस्मरण करतं तर तुम्हाला पोटशूळ का?

पहाटझोप
नामस्मरणाला हरकत नाही, भोंग्याला आहे. आमच्या गल्लीत बारावीची मुलं आहेत.

शेवंती
आमच्याकडे यंदा भोंगा नाहीच. कुणीतरी तक्रार केली, मंडळानं माईकच बंद करून टाकला. देवळात बसून नुसत्या आवाजावर चालू आहे. तुम्ही दोघं भांडू नका, मला उपाय हवाय.

शाळामास्तर
हेच तर कारण आहे! चाळीस टाळ आणि पखवाज यांच्या वर आवाज काढायचा, तोही माईकशिवाय, पहाटेच्या गार हवेत, वारकरी चालीच्या वरच्या पट्टीत. ६८ वर्षांची स्वररज्जू किती सोसणार? मी वर्गात ओरडून ओरडून आवाज घालवला होता, म्हणून लिहितोय. गुळणीचं पाणी घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जातं, तिथेच थांबतं. स्वरयंत्र त्याच्या खाली श्वासनलिकेच्या तोंडाशी आहे, तिथं गुळणी, काडी, काढा, काहीच पोचत नाही. पोचलं तर ठसका लागेल. म्हणून घसा दुखत असेल तर या गोष्टींनी बरं वाटतं, आवाज गेला असेल तर उपयोग थोडाच. वाफ तेवढी खाली जाते. साधं पाणी पुरे, त्यात काही टाकू नका, आणि पातेलं मांडीवर घेऊ नका. बाकी खरं औषध म्हणजे न बोलणं. आणि कुजबुजणं तर अजिबात नको, कुजबुजताना स्वररज्जू जास्त ताणल्या जाऊ शकतात. खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळायचं.

गोळीवाल्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलंय. हे सुरू कधी झालं?

शेवंती
सांगितलं ना, काकड्यामुळे. पहिल्या आठवड्यातच बसला.

शाळामास्तर
काकडा कोजागिरीला सुरू होतो, त्रिपुरी पौर्णिमेला संपतो. म्हणजे ताई, तीन आठवडे होत आले की! सर्दीनं बसलेला आवाज आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो. तंबाखू, मशेरी, विडी?

शेवंती
व्यसन कसलंच नाही. पानात थोडी तंबाखू असते, एवढंच. भजनाआधी आणि जेवणानंतर.

शाळामास्तर
पानातली तंबाखू तंबाखूच असते. तुम्ही आधीच बजावलंय तरी लिहितो: कान-नाक-घसावाल्याकडे जावंच लागेल. तीन आठवडे टिकलेला घोगरा आवाज, साठीच्या पुढचं वय आणि तंबाखू, तिन्ही एकत्र असताना कुणी काढे सांगत असेल तर ऐकू नका. घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा सूज किंवा ताणानं आलेल्या गाठी निघतात. माझ्या गाठीच होत्या, आवाज कसा लावायचा हे शिकून बसल्या. पण आत डोकावल्याशिवाय गाठ कसली ते कळत नाही. नाकातून बारीक दुर्बीण घालतात, दोन-चार मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही.

उगाच
आला शेवटी डॉक्टर. मी आधीच निघून जायला हवं होतं.

मिठाचा_खडा
माझ्या गुळण्यांनी नुकसान काहीच नव्हतं, एवढं नोंदवून ठेवतो.

शेवंती
मी पुण्यात, बाबा कराडकडे गावी. मला तरी फोनवर काय कळणार? त्यांना डॉक्टर म्हटलं की ते म्हणतात समाप्ती झाल्यावर बघू. म्हणून तर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की डॉक्टर सांगू नका, मी सांगून थकलेय. आता चुलतभावाला सांगितलंय, तो उद्या कराडला घेऊन जाईन म्हणतोय. पण समाप्तीला ते गाणारच. वासुदेव आणि पांगुळाचे अभंग दरवर्षी तेच म्हणतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

पखवाजी
माऊली, त्यांना गाऊ नका म्हणू नका, ऐकणार नाहीत. मंडळाच्या अध्यक्षांना गाठा आणि समाप्तीची वीणा बाबांच्या गळ्यात द्यायला सांगा. वीणा घेऊन उभं राहायचा मान मोठा, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि विणेकऱ्यानं तोंडानं चाल ओढली नाही तरी कुणी विचारत नाही. पांगुळ एखाद्या पोराला द्या, कधीतरी द्यायचाच आहे. आणि पट्टी उतरवा. काळी चारला गात असतील तर काळी दोन करा, पेटीवाल्याला काय फरक पडतो?

पहाटझोप
आणि देवळाच्या आतच छोटा स्पीकर लावा, बाहेर भोंगा न लावता. बंद सभामंडपात, आवाज बाहेर जाणार नाही इतका बारीक. मी तक्रारवाला असूनही सांगतोय.

ताक_पी
धागा वरवर चाळला. ज्येष्ठमध आणि खडीसाखर तोंडात धरा, बीपीलाही चांगलं असतं म्हणे.

गोळीवाला
अहो, वर वाचा.

शेवंती
अध्यक्षांना फोन झाला. वीणेचं ऐकून बाबा गप्प झाले, म्हणजे होकार. उद्याची वेळही मिळाली. तंबाखूचं मात्र आईच बघून घेईल म्हणाली. मास्तर, डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते लिहून द्या, भाऊ नुसतं 'घसा बसलाय' सांगून गोळ्या घेऊन येईल.

शाळामास्तर
काकड्याच्या पहिल्या आठवड्यापासून आवाज घोगरा, दुखत नाही, पानात तंबाखू, रात्री उशिरा तळकट, बीपीची गोळी नावासकट. कानाखाली किंवा मानेला गाठ लागते का, गिळताना अडतं का, थुंकीत रक्त येतं का, वजन उतरलंय का, ही उत्तरं घरून विचारूनच निघायचं. आणि दुर्बिणीतून स्वरयंत्र बघा, असं स्पष्ट म्हणायचं. त्याशिवाय प्रतिजैविकं देऊ केली तर कशासाठी ते विचारायचं. ताप नाही, दुखणं नाही, त्यात त्यांचा उपयोग मला तरी दिसत नाही.