साहेब आणि त्यांच्या घरची माणसं

पाटबंधारे खात्यातला माणूस पावसाळ्यात घराला परका, असं म्हणतात. साहेबांच्या बाबतीत ते निम्मंच खरं. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की ते ऑफिस सोडत नसत, हे कबूल. (43 फूट म्हणजे धोका, मग तर विचारूच नका.) पण पाऊस सरला आणि बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचं काम निघालं, की रविवारी दोन्ही पोरी स्कूटरवर त्यांच्यासोबत. सरकारी जीप नाही, स्वतःची स्कूटर! बरग्यांच्या दोन ओळी कशाला आणि मधे माती का भरायची, हे ते पोरींना मजुरांच्या तोंडून ऐकवत. वहिनींचा झुणका-भाकरीचा डबा मजुरांनाही पुरेल एवढा असायचा.

पावसाआधी बरगे निघाले नाहीत तर पुराचं पाणी अडून काठच्या उसात घुसतं, म्हणून मे महिन्यात ते रजा घेत नसत. थोरलीचं लग्नही त्यांनी डिसेंबरात धरलं. व्याह्यांना कारण सांगितलं, "बरगे." व्याही शिरोळचे, कृष्णाकाठचे, एका शब्दात समजले.